दार उघडणारा सुटतो, पहारेकरी अडकतो

डिसेंबर २०२५मध्ये फोर्टिनेट या कंपनीच्या फायरवॉलमधला, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवर पहारा देणाऱ्या पेटीतला, सिंगल साइन-ऑनचा घोळ बाहेर आला, जानेवारी २०२६मध्ये त्याचा दुसरा अंक झाला. तेव्हापासून मुंबईतल्या बँकांची, ब्रोकरांची, इस्पितळांची नेटवर्क सांभाळणाऱ्या मंडळींत जी वादावादी चालली आहे, ती ऐकून आता कंटाळा यायला लागलाय. एक पक्ष म्हणतो, ‘एका लॉगिनवर सगळं’ हे खूळच वाईट, परत पासवर्डवर या. दुसरा म्हणतो, चूक दुरुस्त करणारा पॅच आला होता, तुम्ही लावला नाहीत, आता भोगा. तिसरा दर वेळचाच : परदेशी माल फेका, स्वदेशी घ्या. तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि तिघेही मुद्द्याला बगल देतात. ग्राहकाला न विचारता एक दार चालू करून ठेवायचा निर्णय बनवणाऱ्या कंपनीने घेतला होता. त्या निर्णयाचा हिशेब तिच्याकडे कुणीच मागत नाही. आपल्या नियामकांचे सगळे कागद जाब विचारतात तो ज्याच्या घरी चोरी झाली त्याला. ही वाटणीच चुकीची आहे आणि ती बदलली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

झालं काय ते आधी नीट सांगायला हवं, कारण अर्धी भांडणं तिथेच भरकटतात. या फायरवॉलच्या अॅडमिनला आत जायचे निरनिराळे रस्ते असतात. एक म्हणजे पेटीतच नोंदवलेलं नाव आणि पासवर्ड. दुसरा, कंपनीच्या क्लाउडवरचं खातं. या दुसऱ्या रस्त्यावर क्लाउड एक चिठ्ठी देतो, ‘हा माणूस अमुक, मी त्याची ओळख पटवली आहे’, आणि खाली डिजिटल सही करतो. ही चिठ्ठी सॅमल नावाच्या ठरलेल्या पद्धतीने लिहिलेली असते. सही खरी आहे का ते पाहायचं आणि मगच आत घ्यायचं, एवढंच पेटीचं काम. ते पाहणंच कच्चं निघालं. बनावट चिठ्ठी नीट रचून पाठवली की पासवर्डचा पत्ता नसलेला माणूस थेट अॅडमिन म्हणून आत. ९ डिसेंबर २०२५ला कंपनीने स्वतःच हे जाहीर केलं, सुरक्षेतल्या चुकांच्या जागतिक यादीतल्या सीव्हीई-२०२५-५९७१८ आणि ५९७१९ या क्रमांकांखाली. १२ तारखेपासून प्रत्यक्ष घुसखोरी सुरू झाल्याचं आर्क्टिक वुल्फ या सुरक्षा कंपनीला दिसलं. आत शिरलेला माणूस काय करत होता? मोडतोड नाही, खंडणीची पाटी नाही. पेटीची पूर्ण कॉन्फिगरेशन फाइल उतरवून घेत होता. आतली नेटवर्क कशी मांडली आहेत, कोणते नियम कुठे लावलेत, व्हीपीएनच्या खासगी वाटेने बाहेरून कोण येतं, अॅडमिनच्या पासवर्डचे हॅश, म्हणजे सांकेतिक रूपं, कोणती, हे सगळं त्या एका फाइलमध्ये असतं. पॅच नंतर लावला तरी ती फाइल परत येत नाही.

आता ज्याच्यावर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे तो तपशील. पेटी खोक्यातून निघते तेव्हा क्लाउडचं हे दार बंद असतं. कंपनीची बाजू घेणारे हे वाक्य हमखास पुढे करतात, आणि ते खरं आहे. पण पुढचं वाक्यही कंपनीच्याच सूचनापत्रात आहे : पेटीच्या स्क्रीनवरून कंपनीकडे नोंदणी केली, की अॅडमिनने मुद्दाम बंद केल्याशिवाय हे दार चालू होतं. नोंदणी काही हौसेने करायची गोष्ट नाही. सपोर्ट हवा असेल, लायसन्स चालायला हवं असेल, तर ती करावीच लागते.

परळ-लालबागकडच्या एखाद्या लहान सहकारी बँकेची सर्व्हर रूम डोळ्यांसमोर आणा. स्टेशनरीच्या खोलीतला पार्टिशन टाकून वेगळा केलेला तुकडा, भिंतीला ठोकलेला रॅक, गळणाऱ्या एसीखाली ठेवलेली बादली. शाखा बंद झाल्यावर व्हेंडरचा पोरगा आलाय आणि त्याला कर्जत लोकल गाठायची आहे. लॅपटॉपवर नोंदणीचा फॉर्म उघडलाय : ईमेल, पासवर्ड, देश, रीसेलरचं नाव. त्यातच एक छोटा टॉगल, फोर्टीक्लाउडच्या खात्याने अॅडमिनला आत येऊ द्यायचं या अर्थाचा, आधीच चालू. बँकेचे साहेब पाठीमागे उभे राहून ‘झालं का?’ विचारतायत. तो पोरगा ओके दाबणार नाही तर काय करणार? आणि त्याने दाबलेल्या त्या ओकेला संमती म्हणायचं? तिथे प्रश्न विचारलेलाच नव्हता, उत्तर भरून ठेवलेलं होतं.

सिंगल साइन-ऑनच गाडा म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो, पण त्यांना जुने दिवस आठवत नाहीत असं दिसतं. प्रत्येक पेटीला वेगळा पासवर्ड, म्हणून सगळे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये, आणि ती शीट गेल्या पाच वर्षांत नोकरी सोडून गेलेल्या प्रत्येकाच्या पेनड्राइव्हवर. माणूस गेला की चाळीस ठिकाणी त्याचं नाव काढायचं आणि सदतिसाव्या ठिकाणी विसरायचं. एकाच ठिकाणाहून ओळख पटवली, वर ओटीपीसारखा दुसरा अडसर घातला, की हे सगळं एका फटक्यात आवरतं. हा फायदा खरा आहे, मोठा आहे, आणि कुठल्याही एका चुकीमुळे तो खोटा ठरत नाही. प्रश्न वेगळाच आहे : ओळख पटवणारा कोण? बँकेची स्वतःची ओळख-व्यवस्था असेल तर विश्वास घरातल्या घरात राहतो, ती बिघडली तर एक बँक बुडते. बनवणाऱ्या कंपनीचा क्लाउड असेल तर दादरची पतपेढी, दुबईचं हॉटेल आणि ब्राझीलचा कारखाना, सगळ्यांचे दरवाजे एकाच बिजागरीवर टांगलेले.

उसन्या विश्वासाने काय होतं याचा धडा मराठी माणसाला तरी बाहेरून आणायची गरज नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला. त्याला पकडून, पारखून, कैदेत टाकलेलं होतं. शेवटी तो रत्नागिरीच्या किल्ल्यात होता. १७७६मध्ये तिथला ताबा ज्याच्याकडे होता त्या अधिकाऱ्यालाच हे भाऊसाहेब खरे वाटले आणि त्याने कैद्याला सोडून त्याच्या नावाने फौज उभी केली. पुढे कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. पहारेकरी झोपले होते म्हणून? मुळीच नाही. ज्याने ओळख पटवायची त्या मोठ्या माणसाने ‘हे भाऊच’ म्हटल्यावर खालच्याने पुन्हा पारख करायचं कारण उरलं नाही. तो बोरघाटापर्यंत येऊन थडकला, मग मोड झाला, समुद्राकडे पळताना आंग्र्यांच्या हाती लागला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. एका जागची पारख चुकली की तिच्यावर विसंबलेल्या सगळ्या जागा एकाच वेळी उघड्या पडतात. त्याचा ठपका कोकणातल्या एखाद्या गडाच्या दिंडीवरच्या शिपायावर ठेवला असता, तर पुणे दरबाराला आपण काय म्हटलं असतं?

बरं, ही चूक कुणाला सुचली नव्हती असंही नाही. सॅमलची आजची आवृत्ती २००५ची. २०१२मध्ये जर्मन संशोधकांच्या एका गटाने सॅमल वापरणाऱ्या १४ प्रणाली तपासल्या, त्यांतल्या ११मध्ये सहीची पडताळणी चकवता आली. जून २०२०मध्ये पालो आल्टो या दुसऱ्या कंपनीच्या फायरवॉलमध्ये नेमक्या याच जातीची चूक निघाली, सीव्हीई-२०२०-२०२१, गांभीर्य दहापैकी दहा. तिथेही घात झाला तो एका चेकबॉक्सच्या आधारे : ओळख देणाऱ्याचं प्रमाणपत्र तपासायचं की नाही, हे तो ठरवायचा. म्हणजे सहीची पडताळणी हा या पद्धतीचा जुना, माहीत असलेला दुखरा भाग. तो दुखरा आहे हे ज्याला धंद्यामुळेच माहीत असायला हवं, त्याने तोच रस्ता गुपचूप चालू ठेवावा, याला निव्वळ अपघात म्हणता येत नाही.

आता दुसरा पक्ष. यांचं म्हणणं जास्त वजनदार आहे, म्हणून जरा थांबून ऐकू. पहिली गोष्ट, फायरवॉलचं व्यवस्थापनाचं पान सबंध इंटरनेटवर उघडं ठेवणं ही चूकच. ते ठरावीक पत्त्यांपुरतंच ठेवा, हे कंपन्याही सांगतात, सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्थाही सांगते, आणि ज्यांनी ते ऐकलं ते या वेळी बहुतेक वाचले. दुसरी, पॅच जाहीर करतानाच दिलेला होता आणि तो लावता येत नसेल तर दार बंद करायची दोन ओळींची कमांडही. तिसरी, आपल्याकडे पॅच लावण्याबद्दलची अनास्था जगजाहीर आहे. याच कंपनीच्या व्हीपीएनमधल्या एका चुकीवर मे २०१९मध्ये तोड आली होती. नोव्हेंबर २०२०मध्ये तीच चूक न सुधारलेल्या सुमारे ४९ हजार पेट्यांची यादी जगभर फिरत होती. दीड वर्षानंतर! तिथे अॅडमिनची बाजू मी घेणार नाही.

पण इथे दीड वर्ष नव्हतं. ९ला जाहीर, १२ला हल्ला. मधे तीन दिवस. अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने १६ डिसेंबरला ही चूक आपल्या ‘प्रत्यक्ष वापरात असलेल्या’ यादीत घातली आणि आपल्या खात्यांना २३ तारखेपर्यंतची मुदत दिली, म्हणजे तिथल्या सरकारनेही तीन दिवस पुरतील असं धरलं नव्हतं. लालबागच्या त्या बँकेत फर्मवेअर, म्हणजे पेटीतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलायचं तर व्हेंडरची वेळ घ्यायची, साहेबांची मंजुरी घ्यायची, रात्री एटीएम किती वाजता बंद ठेवायचं ते ठरवायचं, आणि नवं फर्मवेअर चढवल्यावर शाखांचे व्हीपीएन परत उठतील की नाही याची धाकधूक वेगळीच. एवढ्या लहान बँकांचं तंत्रज्ञान बहुतेक बाहेरूनच येतं. जुलै २०२४च्या अखेरीस सी-एज या सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा सुमारे ३०० लहान बँकांचे पैशांचे व्यवहार थांबले. त्या बँकांतल्या एकाही अॅडमिनने स्वतः काही चुकवलेलं नव्हतं.

आणि जानेवारीने तर या पक्षाचं पितळच उघडं पाडलं. डिसेंबरचा पॅच लावलेल्या, अगदी अद्ययावत पेट्यांवर पुन्हा क्लाउडच्या रस्त्याने घुसखोरी होते आहे, हे कंपनीला मान्य करावं लागलं. निघालं काय, तर आणखी एक चूक, सीव्हीई-२०२६-२४८५८ : ज्याच्याकडे स्वतःचं क्लाउड खातं आणि स्वतःची नोंदवलेली पेटी आहे, तो दुसऱ्याच्या खात्यावर नोंदवलेल्या पेटीत शिरू शकत होता. म्हणजे ज्याने धावपळ करून, रात्र जागून पॅच लावला तोही उघड्यावर. ‘पॅच लावला नाही, भोगा’ म्हणणारे या माणसाला काय सांगणार आहेत?

तो प्रकार शेवटी थांबला कसा, तेही पाहा. २६ जानेवारीला कंपनीने आपल्या बाजूने क्लाउडचं हे लॉगिन जगभरासाठी बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी ही चूक असलेल्या आवृत्त्यांच्या पेट्यांना वगळून पुन्हा चालू केलं. एका बटणावर. याचं श्रेय दिलं पाहिजे, आणि मध्यवर्ती व्यवस्थेचा हा एक खरा फायदाही मानला पाहिजे. पेटीगणिक पॅचची वाट पाहिली असती तर महिने गेले असते. पण ज्याच्या हातात जगभरची दारं एका बटणावर बंद करायची ताकद आहे, त्याने ‘दार कुणाचं उघडं राहिलं ते आम्हाला काय माहीत’ म्हणायची सोय मग उरत नाही. बटण ज्याच्याकडे, जबाबदारीही त्याच्याकडेच जायला हवी.

इथे मला सर्वांत अडचणीचा वाटणारा प्रतिवाद असा : या चुका कंपनीने स्वतः जाहीर केल्या, डिसेंबरच्या तर तिच्याच माणसांनी शोधल्या होत्या. चुकीसाठी दंड लावाल तर उद्या कुणीही चूक सांगणार नाही, गुपचूप दुरुस्त करून मोकळे होतील. हे खोटं नाही. म्हणूनच कोडमधल्या चुकीसाठी दंड असावा असं मी म्हणतच नाही. लाखो ओळींच्या कोडमध्ये चुका राहणार, आणि त्या प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला अभयच हवं. माझं भांडण त्या टॉगलशी आहे. तो कुणाच्या नजरचुकीने चालू राहिला नव्हता. कुठल्या तरी बैठकीत, कुणी तरी, ‘नोंदणीबरोबर हे चालूच ठेवू, जास्त लोक क्लाउड वापरतील’ अशा हिशेबाने ठरवल्याशिवाय असा फॉर्म बनत नाही. बैठकीतलं नेमकं वाक्य मला माहीत असायचं कारण नाही, पण आधीच भरलेले पर्याय कुणाच्या फायद्याचे असतात हे विमा, लोन आणि रेल्वेचं तिकीट ऑनलाइन घेणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. चूक आणि निर्णय यांत फरक करता येतो. कायदा तो रोज करतो.

आपले कायदे काय करतात? सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. हे बंधन सेवा देणाऱ्यांवर, कंपन्यांवर, सरकारी संस्थांवर, म्हणजे मुख्यतः ज्यांच्याकडे घरफोडी झाली त्यांच्यावर. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती डेटा सांभाळणाऱ्यावर. रिझर्व्ह बँकेची नागरी सहकारी बँकांसाठीची सायबर चौकट २०१९ची, सेबीची २०२४ची. दोन्ही मेहनतीने लिहिलेल्या, दोन्हींचा रोख नियमनाखालच्या संस्थेवर. त्यांचे हात तिथपर्यंतच पोचतात हेही खरं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर आहे, पण व्यापारी कारणासाठी माल घेणारा त्या कायद्याने ग्राहकच नाही. थोडक्यात, फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेपासून बीकेसीतल्या सेबीपर्यंत कुठल्याही दारात गेलात तरी लालबागच्या बँकेला नोटीस मिळेल. दार चालू ठेवणाऱ्याचं नावही त्या नोटिशीत नसेल.

मुंबईला ही वाटणी ओळखीची आहे. बिल्डरने प्रत्येक फ्लॅटची एक किल्ली स्वतःकडे ठेवावी, ताबापावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसं छापावं, आणि चोरी झाली की सोसायटीने वॉचमनला काढावं, असा हा कारभार. घरांच्या बाबतीत आपण एक पाऊल तरी पुढे गेलो : रेरा आला आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, हे कायद्यात लिहिलं गेलं. त्याने घरं महाग होतील ही भीती होती, आणि लहान ग्राहकाच्या बाबतीत फायरवॉललाही ती लागू आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लालबागच्या बँकेने कॉन्फिगरेशन गेल्यावर ऑडिटर, फॉरेन्सिकवाले आणि नवे पासवर्ड यांवर केलेला खर्च किमतीत धरला, तर आजची पेटी तरी स्वस्त आहे का?

स्वदेशीच्या पक्षाला मी थोडक्यात आवरतो. परदेशी पेटीत काय दडलंय ही शंका वेडगळ नाही; डिसेंबर २०१५मध्ये ज्युनिपर या अमेरिकन कंपनीला आपल्याच फायरवॉलच्या स्क्रीनओएस या प्रणालीमध्ये अनधिकृत कोड सापडल्याचं जाहीर करावं लागलं होतं. पण सहीची पडताळणी चुकायला पासपोर्ट लागत नाही. जून २०१७मध्ये नॉटपेट्या या संगणकी विषाणूने न्हावाशेव्याचं गेटवे टर्मिनल ठप्प केलं आणि बंदराबाहेर कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली. त्या रोगाची सुरुवात युक्रेनमध्ये, युक्रेनच्याच एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. तिथल्या कंपन्यांसाठी तो स्वदेशी मालच होता. बनवणाऱ्यावर ग्राहक डोळे मिटून विसंबतो, तिथे बनवणाऱ्याचा देश बदलून काही साधत नाही.

मग करायचं काय? कायदा व्हायला वर्षं लागतील हे मान्य. युरोपने सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४मध्ये अमलात आणला. त्यात माल विकतानाच सुरक्षित मांडणीत द्यायची जबाबदारी उत्पादकावर आहे, पण मुख्य बंधनं लागू होणार ती डिसेंबर २०२७पासून. आपल्याकडेही उत्पादकाला हात लावताच येत नाही असं नाही. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५पासून सुरक्षेची चाचणी केल्याशिवाय बाजारात जागा नाही, आणि तो नियम कॅमेरा लावणाऱ्या दुकानदारावर नाही, बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर आहे. कॅमेऱ्याला जे लागू होतं ते बँकेच्या वेशीवरच्या पेटीला का नाही?

तोवर एक रस्ता आजही मोकळा आहे, तो म्हणजे खरेदीचा. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी नेमत, एकाच्या शब्दावर गड जाऊ नये म्हणून. तसंच टेंडरमध्ये लिहिता येतं : कंपनीच्या क्लाउडची ओळख एकटी पुरेशी धरली जाणार नाही, आत यायला बँकेच्या हद्दीतली दुसरी पडताळणी लागेल, बाहेरून आत यायची कुठलीही सोय बँकेच्या अधिकाऱ्याने लेखी मागितल्याशिवाय चालू होणार नाही, नोंदणीत नाही, अपडेटमध्ये नाही, आणि न मागता चालू झालेल्या सोयीतून नुकसान झालं तर तपासाचा आणि दुरुस्तीचा खर्च पुरवठादाराचा. एकट्या बँकेने असं लिहिलं तर व्हेंडर हसून पुढच्या दारात जाईल. नागरी सहकारी बँकांच्या फेडरेशनने नमुना करार म्हणून तो सगळ्यांना दिला, आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसाने ‘पॅच कधी लावला’च्या आधी ‘हे दार कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून चालू केलं’ हे विचारायला सुरुवात केली, तर हसणं थांबेल.  मार्च तोंडावर आला की एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, नूतनीकरणाची कागदपत्रं टेबलावर यायला लागतात, आणि त्यांत हे कलम घातलंत तर व्हेंडरचा पहिला फोन खरेदी विभागाला नाही, थेट सीईओला जाईल.